सावलीचा रंग कोणता?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनौ येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत चित्रकलेला स्थान दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा आभारी आहे. विषय वरकरणी लहान आहे : मुलांना रंगीत खडूंनी छायाप्रकाश कसा शिकवावा? परंतु त्याच्या पोटात जो प्रश्न दडला आहे तो आपल्यासारख्या, गावापासून दूर संसार थाटलेल्या, सर्वांचाच आहे.

आपल्यापैकी कोणाच्याही मुलाला ‘देखावा काढ’ असे सांगून पाहावे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर आणि शेजारी एक माड, असे चित्र घटकाभरात तयार होते. गोमतीकाठच्या या सपाट प्रदेशात ना डोंगर, ना माड. तरीही ते चित्र पाहून आपण सुखावतो, कारण त्यात आपल्याला आपले गाव दिसते. मुलाने मात्र ते पाहून काढलेले नसते. दुसऱ्याच्या वहीतून ते त्याच्या हाती आलेले असते. याची खूण चित्रातच सापडते : डोक्यावर सूर्य असतो, पण घराला सावली नसते.

छायाप्रकाश शिकवायचा तो एवढ्यासाठी, की मुलाने आधी पाहावे आणि मग काढावे. या कामी सुक्या खडूंसारखे दुसरे साधन नाही. बारीक रंगचूर्ण, पांढरी खडू-माती आणि किंचित डिंक यांपासून ते बनतात. आपल्या माताभगिनी चिमटीतून रांगोळी सोडतात, तिचेच हे जवळचे नातलग म्हणावेत. जलरंगात उजेडाची जागा आधीपासून कोरी राखावी लागते, आणि ते लहान हातांना कठीण जाते. खडूत गडद रंगावर फिका रंग चढतो, म्हणून उजेड शेवटी ठेवता येतो. हे केवळ मुलांचे खेळणे आहे असेही कोणी समजू नये. शार्दां या फ्रेंच चित्रकाराने उतारवयात, तैलरंगांचा डोळ्यांना त्रास होऊ लागल्यावर, हेच माध्यम हाती घेतले. १७७१ साली त्याने रंगवलेले चष्मा लावलेले आत्मचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. जून महिन्यात मलिहाबादचा दशहरी आंबा घ्यावा. इतर दिवसांत पितळी लोटी चालेल. ती वस्तू एकाच खिडकीजवळ ठेवावी व खोलीतले दिवे मालवावेत. कागद पांढरा नको. राखी किंवा तपकिरी, थोडा खरखरीत असावा, म्हणजे चूर्ण धरून राहते. प्रथम खडू हाती देऊच नये. डोळे किलकिले करून पाहायला सांगावे, म्हणजे बारकावे मावळतात आणि उजेड व अंधार हे दोनच मोठे भाग उरतात. मग खडू आडवा धरून छायेचा भाग भरावा, नंतर मधली छटा, नंतर प्रकाश, आणि अगदी अखेरीस लखलखणारा ठिपका. बोटाने घासण्याचा मोह आवरावा. अति घासले की चित्र मळते. चूर्ण फुंकून उडवू नये, ते श्वासात जाते. कागद उभा धरून हलकेच झटकावा व हात ओल्या फडक्याला पुसावेत.

या पाठात मी एक नियम कटाक्षाने पाळतो : काळा खडू पेटीतून काढून ठेवायचा. सावलीचा रंग कोणता, असे विचारताच सगळी मुले एकमुखाने ‘काळा’ म्हणतात. मग त्यांना अंगणात न्यावे व उन्हात पांढरा कागद ठेवून त्यावर हाताची सावली पाडायला सांगावी. ती निळसर दिसते, कारण सूर्य अडला तरी आकाशाचा उजेड तेथे पोहोचतच असतो. आंब्याच्या छायेकडच्या कडेलाही, खालच्या कापडावरून परतलेला मंद प्रकाश असतो. एकदा हे दिसले की मूल जांभळा, निळा, गडद हिरवा असे खडू आपणहून शोधू लागते.

आणि या शहराने तर आपल्यासाठी मोठी शाळाच उघडून ठेवली आहे. जूनमध्ये भर दुपारी आपली सावली पायाखाली गोळा होते. डिसेंबरात तीच दुपारीसुद्धा आपल्या उंचीहून लांब पडते. जानेवारीच्या दाट धुक्यात प्रकाश चहूकडून येतो आणि पडछाया जवळजवळ नाहीशी होते. नवाब आसफउद्दौला यांच्या काळातला, १७८४ चा रूमी दरवाजा सकाळी पाहावा आणि पुन्हा संध्याकाळी पाहावा. एकच कमान दोन निराळी चित्रे देते.

पालकांना दोन विनंत्या आहेत. सातआठ वर्षांपर्यंतच्या मुलांना छायाप्रकाशाच्या फंदात पाडू नये. त्यांना मनसोक्त रेखाटू द्यावे. आणि मोठ्या मुलाच्या चित्रावर आपला हात चालवू नये. ‘येथे सावली दे’ असे सांगण्याऐवजी ‘उजेड कोठून येतो?’ एवढेच विचारावे.

कोणी म्हणेल, मुले लखनौचीच चित्रे काढू लागली तर आपले गाव त्यांच्या मनातून जाईल. मला तसे वाटत नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे, हाती समई घेतलेल्या तरुणीचे प्रसिद्ध जलरंगचित्र आठवा. ज्योतीच्या प्रकाशात बोटांच्या कडा लालसर उजळतात आणि मागे भिंतीवर सावली पडते. त्यासाठी उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या. ते चित्र आज दूर म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि तेथील प्रेक्षकही त्यापुढे थबकतात. त्यातले मराठीपण कोठून उसने आणलेले नाही. घरातले माणूस आणि घरातला दिवा नीट पाहिल्यामुळे ते आले आहे.

आपल्या मुलांच्या घरीही देवापुढे दिवा लागतो. तो त्यांनी पाहावा, त्याची सावली भिंतीवर कशी हलते ते पाहावे, आणि मग खडू उचलावा. डोंगर आणि माड त्यांना सुट्टीत गावी गेल्यावर भेटतीलच. तेव्हा त्यांची सावली कोणत्या बाजूला पडते हे ती आपल्याला दाखवतील.