आजची भाकर



ख्रिस्ती माणूस शेजारधर्माकडे कसा पाहतो, यावर समितीने मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस मी, हिशेबात राहीन.

जन्मभर लोकांना मुदत ठेवी समजावल्या, त्यामुळे उद्याची तरतूद करू नका असं मी म्हणणार नाही. पण प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही भाकर मागतो ती आजचीच. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तोही दिवसापुरता. शब्बाथाची सोय सोडली, तर उरवून ठेवलेल्यात किडे पडत.

शेजाऱ्याची गोष्ट लूकच्या १०व्या अध्यायात आहे. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला टाकलं. याजक गेला, लेवी गेला. थांबला तो शोमरोनी, ज्यांच्याशी यहुद्यांचं पटत नसे. त्यानं जखमांवर तेल, द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेलं, दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, दिली. वर म्हणाला, जास्त लागलं तर परतताना देईन. मर्यादा नाही, तारण नाही! आमच्या शाखेत असं कर्ज कुणी मंजूर केलं नसतं.

आमची ही गेली तेव्हा माझ्या दारी रोज डबा यायचा. देणाऱ्या वहिनी श्रावण पाळणाऱ्या. किती दिवस, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. "काका, आज काय खाल?" एवढंच विचारायच्या.

तळमजल्यावरचे आपले आजोबा सध्या एकटे आहेत. दिवाळीनंतर भेटू, असं तिघाचौघांनी मला सांगितलं. मी कार्यक्रम संपला की चहाला जातोय. येणार असाल तर चला, त्यांच्याकडे खुर्च्या चार आहेत.