प्रवेशाची दारे आणि त्यांच्या वेळा
(तारनाका येथे मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मठाच्या व्यासपीठावर महाविद्यालयीन प्रवेशाचा विषय निघावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु उन्हाळ्यात श्रींपुढे नारळ ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात बहुधा हाच नवस असतो. नवस बोलणे हे श्रद्धेचे काम. मुदत पाळणे हे आपले काम. दुसरे चुकले तर त्याचा दोष पहिल्यावर ढकलता येत नाही.

तारनाक्यासारखे विद्येच्या शेजारी वसलेले स्थान विरळा. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आपल्या उंबरठ्याशी आहे. इंग्रजी व परदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठही जवळच आहे. तथापि या दोन शेजाऱ्यांची घड्याळे निराळी आहेत. उस्मानियाच्या संलग्न महाविद्यालयांतील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे प्रवेश 2016 पासून ‘दोस्त’ या एकत्रित ऑनलाइन व्यवस्थेने होतात, आणि ती इंटरमीजिएटच्या निकालानंतर सुरू होते. केंद्रीय विद्यापीठांसाठी मात्र 2022 पासून ‘सीयूईटी’ ही परीक्षा आहे. तिच्या अर्जाची मुदत निकाल लागण्यापूर्वीच संपून जाते. निकालाची वाट पाहत बसलेल्याला शेजारचे दार बंद झालेले दिसते.

अभियांत्रिकीचेही तसेच. राज्याची ‘ईएपीसेट’ एक, आणि राष्ट्रीय ‘जेईई मेन’ दुसरी. ती वर्षातून दोनदा होते. आयआयटी व एनआयटी यांच्या जागा 2015 पासून ‘जोसा’ या संयुक्त मंडळामार्फत फेरीफेरीने वाटल्या जातात. तेथे जागा मिळाल्यावर ‘फ्रीझ’ म्हणजे ती कायम करणे, आणि ‘फ्लोट’ म्हणजे ती हाती ठेवून अधिक पसंतीच्या जागेची प्रतीक्षा करणे. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. म्हणून पसंतीक्रम मनापासून लावावा. जागा मिळाली एवढ्याने काम संपत नाही. ठरल्या दिवसापर्यंत शुल्क भरून ती स्वीकारली नाही, तर ती रद्द होते.

आपणां मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. तेलंगणात राज्य कोट्यातील 85 टक्के जागा स्थानिकांच्या असतात. हे स्थानिकत्व मातृभाषेवरून नव्हे, तर मुख्यत्वे विद्यार्थी शेवटची चार वर्षे कोठे शिकला यावरून ठरते. मुलाला अकरावीसाठी पुण्यास धाडले, तर येथील हक्क गमावण्याचा संभव असतो. आणि महाराष्ट्रात अधिवासाचे व तेथील परीक्षांचे नियम स्वतंत्र असल्याने तेथील हक्कही आपसूक मिळत नाही. वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषकांसाठी तेथे जी सवलत आहे, तिच्यात हैदराबाद येत नाही. हा विचार दहावीनंतर नव्हे, आठवीतच व्हावा.

अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्यांचा हंगाम तर दिवाळीच्या सुमारासच येतो. तेथील अनेक विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ व ‘अर्ली ॲक्शन’ असे लवकर अर्ज करण्याचे दोन मार्ग आहेत. दोहोंची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या आरंभी असते. परंतु दुसऱ्यात बंधन नाही. पहिल्यात प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे वचन असते, आणि त्यावर पालकांचीही सही लागते. नेहमीच्या अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी जानेवारीच्या प्रारंभी असते. खर्चाचा हिशेब न मांडता पहिला मार्ग धरणे म्हणजे न पेलणारा संकल्प सोडणे होय. दिल्या शब्दाचे मोल मठाच्या भक्तांस मी काय सांगावे!

एक दार बंद झाले म्हणून विद्या संपत नाही, हे याच परिसराने पाहिले आहे. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. ते 1991 साली देशाचे पंतप्रधान झाले.

म्हणून घरोघरी एक वही असावी. तीत प्रत्येक परीक्षेची मुदत, शुल्क व लागणारे दाखले दसऱ्यापूर्वीच लिहून ठेवावेत. ज्यांची मुले या वाटेने गेली, त्यांनी दर्शनानंतर घटकाभर थांबून मागून येणाऱ्यांस वाट दाखवावी. ज्या घरात शिकलेले कोणी नाही, त्या घरचे मूल केवळ माहितीअभावी मागे राहू नये. ही सेवाही श्रींच्या चरणी रुजू होईल, अशी माझी श्रद्धा आहे.