शंकेलाही उभं राहायला जागा हवी

अधूनमधून एखादा तरुण माझ्याकडे येतो. कुणी मुसलमान असतो, कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती. कवी माणूस ओरडणार नाही, असं त्यांना वाटत असावं. खाली मान घालून म्हणतो, ‘चाचा, माझा विश्वास उडालाय. घरी बोलायची सोय नाही.’ मी उपदेश करत नाही. पॉल क्लोदेल या फ्रेंच कवीची हकीगत सांगतो.

क्लोदेल १८६८ साली जन्मला. पॅरिसला शिकत होता तेव्हा तिथली हवा अशी होती, की विज्ञानानं सगळं उलगडलंय, आता देवाचं काम संपलं. त्यालाही ते पटलं होतं. पण पटून सुख नव्हतं. जीव घुसमटत होता. १८८६ मध्ये रँबोच्या कविता हाती पडल्या आणि त्या भिंतीला पहिली फट पडली.

त्याच वर्षीच्या नाताळला, २५ डिसेंबरला, अठरा वर्षांचा क्लोदेल नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये गेला. श्रद्धेनं नव्हे, लिहायला काही मिळेल म्हणून. सकाळच्या उपासनेत मन फारसं रमलं नाही. दुपारी दुसरं काही काम नव्हतं म्हणून सांजप्रार्थनेला पुन्हा गेला आणि गर्दीत एका खांबाजवळ उभा राहिला. पांढऱ्या झग्यातली मुलं गात होती. काय गातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. ते ‘मॅग्निफिकॅट’ होतं, हे नंतर कळलं. एका क्षणात काळजाला स्पर्श झाला आणि आपण विश्वास ठेवला, असं त्यानं पुढे १९१३ मध्ये लिहून ठेवलं.

‘मॅग्निफिकॅट’ म्हणजे येशूच्या आईचं, लूकच्या शुभवर्तमानातलं गाणं. ही आई मला परकी नाही. आमच्या कुरआनात मरियमच्या नावाची अख्खी सूरह आहे.

गोष्ट इथंच संपली असती, तर ती चमत्काराची झाली असती आणि मी ती कुणाला सांगितली नसती. घरी गेल्यावर क्लोदेलच्या शंका जिथल्या तिथं होत्या. त्याचं जुनं तत्त्वज्ञान कुणी खोडून काढलं नव्हतं. पुढची चार वर्षं तो स्वतःशी झगडला. पास्काल वाचला, दान्ते वाचला. लोक हसतील म्हणून गप्प राहिला. पण जमेल तेव्हा नोत्र दाममध्ये उपासना ऐकायला जात राहिला. ख्रिस्तप्रसाद घेतला तो १८९० च्या नाताळला.

म्हणजे गाण्यानं त्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मग केलं काय? युक्तिवाद समोर आला की माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं. गाणं तशी घाई करत नाही. ‘नाही’ म्हणणाराही शेवटपर्यंत ऐकू शकतो. आमच्यात संगीताबद्दल मतभेद आहेत. पण कुरआनचं सुरेल पठण ऐकून अर्थ न कळणाऱ्याचेही डोळे भरून येतात, हे मी पाहिलं आहे.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे नेमकं उमगलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन आणि कीर्तन आणलं. परक्या चालीत जे कानांपाशीच थांबत होतं, ते आपल्या चालीत आत गेलं.

म्हणून त्या तरुणांना सांगतो, शंका जपून ठेवा, तिची लाज बाळगू नका; पण जिथं मनापासून गायलं जातं तिथं जाणं सोडू नका. आणि त्यांच्या आईवडिलांना सांगतो, त्या दुपारी नोत्र दामच्या दारात क्लोदेलला कुणी विचारलं नाही, की बाबा, तुझा विश्वास आहे का? विचारलं असतं, तर तो खरं बोलला असता आणि परत गेला असता.