दरीतून हाक कशी जाईल?



पोलादपूर सोडून एसटी आंबेनळी घाटाला लागते आणि थोड्याच वेळात गाडीतले आवाज कमी होत जातात. फोनवर मोठमोठ्यानं बोलणारे एकेक करून गप्प होतात. कुणी फोन खिडकीशी धरून बघतो, कुणी खिशात टाकून देतो. ‘रेंज गेली’ एवढंच काय ते ऐकू येतं. पुढे रेंज परत येते आणि आपण ती गेली होती हेही विसरतो.

याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. पावसाळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघालेली ही मंडळी. तीस जण गेले, एक वाचला. तो एकटा माणूस शेकडो फूट खोल दरीतून चढून वर आला आणि त्यानं खबर दिली. तो वर येऊ शकला नसता तर? बस खाली गेली आहे हे कळायला किती वेळ गेला असता, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, आता गाड्यांत जीपीएस असतं की! असतं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी बस आणि टॅक्सींना ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि पॅनिक बटण बसवणं नियमानं बंधनकारक आहे. पण इथं आपली एक गल्लत होते. आपल्याला वाटतं, वरचा उपग्रह गाडीकडे बघतो आहे. तसं नाही. जीपीएसचे किंवा आपल्या ‘नाविक’चे उपग्रह फक्त स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत राहतात. ते ऐकून गाडीतलं यंत्र आपण कुठं आहोत याचा हिशेब मांडतं. म्हणजे गाडीला तिची जागा कळते. उपग्रहाला मात्र त्या गाडीचा पत्ताही नसतो.

ती जागा नियंत्रण कक्षाला कळवायची कशी? तर यंत्रातल्या सिमकार्डावरून, मोबाइलच्या टॉवरमार्फत. टॉवर नसेल तर यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि गाडी रेंजमध्ये आली की पाठवून देतं. रोजच्या वाहतुकीला हे पुरतं. पण दरीत पडलेली गाडी रेंजमध्ये परत येत नसते. जिथं हाक सगळ्यात गरजेची, तिथंच ती यंत्राच्या पोटात अडकून राहते.

यावर उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते आपल्या समुद्रावर आहे. किनाऱ्यापासून लांब गेलेल्या होडीलाही टॉवर मिळत नाही. म्हणून इस्रोनं मच्छीमारांसाठी संकटाचा इशारा थेट उपग्रहावर पाठवणारं यंत्र केलं. २०१० पासून ते वापरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात आपला इशारा पोचला, ही पोचही होडीवरच्या माणसाला मिळते. बुडत्या माणसाला त्या पोचेचा केवढा आधार! पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये, एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी दुहेरी संपर्क साधणारे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

मग जे दर्यावर जमलं, ते घाटात का जमू नये? गाडीतल्या यंत्राला दोन वाटा द्यायच्या. टॉवर असेल तर टॉवर, नसेल तर उपग्रह. त्यावर कुणाला गप्पा मारायच्या नाहीत. गाडीचा क्रमांक, जागा, वेळ आणि ‘अपघात’ हा एक शब्द, एवढा इवलासा निरोप वर गेला तरी पुरे. आणखी एक सोय आहे. आपले दळणवळणाचे बरेच उपग्रह विषुववृत्ताच्या वर, आपल्या आकाशात दक्षिणेकडे चांगले उंचावर असतात. टॉवरचा संदेश डोंगराआड अडतो. उंचावरच्या उपग्रहाला मात्र दरीतूनही मोकळं आकाश मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

अडचणी आहेतच. गाडी उलटली, अँटेना खाली दबली, वर दाट झाडी असली तर संदेश अडू शकतो. म्हणून अँटेना एकाहून अधिक ठिकाणी हवी, यंत्राला स्वतःची बॅटरी हवी, आणि धक्का बसताच संदेश आपोआप सुटायला हवा. बेशुद्ध माणूस बटण कसं दाबणार? युरोपीय संघानं ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना असा नियमच केला. जोरदार टक्कर झाली की गाडी स्वतःच तातडीच्या मदतीचा ११२ क्रमांक लावते. तीही मोबाइलवरूनच बोलते, पण बटणाची वाट बघत नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ‘गोल्डन अवर’ आला. म्हणजे गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक. हा तास इजा झाल्या क्षणापासून मोजायचा, रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला फोन लागल्यापासून नव्हे. २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. यातली सगळी काही घाटात मेली नाहीत आणि एका यंत्रानं सगळी वाचली नसती, हे मला ठाऊक आहे. पण मदत यायला उशीर झाला म्हणून एकही माणूस जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

सुरुवात लहान असू दे. आंबेनळी, वरंध, ताम्हिणी अशा घाटांत रेंज नेमकी कुठं कुठं जाते, त्याची नोंद व्हावी. तिथून जाणाऱ्या एसटी, सहलींच्या गाड्या आणि शाळांच्या बसना हे यंत्र आधी मिळावं. आणि तुम्ही एक करा. पुढच्या वेळी घाटात रेंज गेली की गाडीतल्या त्या लाल पॅनिक बटणाकडे बघा. परत आल्यावर डेपोत, ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींना एकच प्रश्न विचारा: हे बटण इथं दाबलं, तर कुणाला ऐकू जाईल?

दर्यातल्या तांडेलाची हाक आज आकाशातून किनाऱ्याला पोचते. घाटातल्या बसची हाक वर आणायला पुन्हा कुणा जखमी माणसाला दरी चढावी लागू नये.