कारंज्याचा इतिहास आणि आपल्या झडत्या
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



भावाच्या प्रश्नावर आपण नेहमीच बोलतो. आज थोडे गावाच्या इतिहासावर बोलू. इतिहास हा रिकामटेकड्यांचा विषय आहे असे कुणी समजू नये. कुणाचे नाव लिहिले गेले आणि कुणाचे राहून गेले, हा हिशेबाचाच प्रश्न आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड घ्या. गाव तालुक्याचे, पण इतिहास मोठा. नृसिंह सरस्वतींचा जन्म इथला, चौदाव्या शतकातला. गुरुचरित्रात गावाचे नाव आहे, म्हणून दूरदूरचे लोक दर्शनाला येतात. जैनांच्या भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या. लाड सावकारांच्या श्रीमंतीमुळे गावाच्या नावाला 'लाड' जोडले गेले. घराच्या चुन्यात कस्तुरी कालवल्याची गोष्ट जुनी माणसे अजून सांगतात. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात उतरली, ती थेट कारंज्यावर आली.

आता आमचा साधा प्रश्न आहे. फौजेने चालून यावे इतकी दौलत या गावात आली कुठून? इथे सोन्याची खाण नव्हती. भोवती होती ती काळी जमीन, आणि तिच्यात पिकणारा कापूस व ज्वारी. सारा भरला कुणब्याने, व्याज भरले कुणब्याने. हवेलीची गोष्ट राहिली. ज्याच्या गाडीतून माल आला त्याचे नाव राहिले नाही.

इंग्रजी अमलात वेगळे काही झाले नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले तसा भाव कोसळला. पुढे किलिक निक्सन या विलायती कंपनीने मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे टाकली. तीच आपली शकुंतला. कारंजा, दारव्हा करीत ती कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर पोचवी, तिथून तो मुंबईला, बोटीने विलायतेला. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आज ती बंद आहे.

याच कारंज्याने एक चांगला धडाही घालून दिला आहे. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत जुन्या अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या होत्या. अमरावतीच्या कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी त्या वाचल्या. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचे 'णायकुमारचरिउ' १९३३ साली छापून निघाले, ते कारंज्याच्याच ग्रंथमालेत. हजार वर्षांपूर्वीचे बोल वाचले, कारण कुणीतरी ते लिहिले आणि कुणीतरी जपले.

आपली पोथी कोणती? आपली पोथी म्हणजे पोळा. आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळायचे, उद्याच्या जेवणाचे त्याला आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून जोड्या तोरणाखाली उभ्या करायच्या आणि मग झडत्या. झडतीत शेतकरी महादेवाचे नाव घेतो आणि त्याच दमात सावकाराला, व्यापाऱ्याला, सरकारला सुनावतो. एरवी कचेरीत खाली मान घालून उभा राहणारा माणूस तोरणाखाली छाती काढून बोलतो. दुष्काळ, नापिकी, पडलेला भाव, सारे त्यात येते. १९७२ सालचा दुष्काळ आणि त्याच साली आलेली एकाधिकार कापूस खरेदी यांवर आपले म्हातारे काय म्हणाले, ते सरकारी कागदात सापडणार नाही. सापडलेच तर झडतीत.

पण हे तोरण आता विरळ होत चालले आहे. ज्वारी मोडली, सोयाबीन आले. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनच्या कुटाराने त्याची भर निघत नाही. कडबा विकत घेऊन बैलजोडी पोसणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. गोठा रिकामा झाला की झडती म्हणणारा माणूसही गप्प होतो. यात ट्रॅक्टर घेणाऱ्याचा दोष नाही. हिशेब पाहूनच त्याने बैल विकला. पण बैलाबरोबर बोल विकायचे कारण नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. येत्या पोळ्याच्या आत प्रत्येक गावाने एक साधी वही करावी. शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना म्हाताऱ्यांजवळ बसवावे. झडत्या आणि बायांची भुलाबाईची गाणी जशी म्हणतात तशीच, आपल्या वऱ्हाडी बोलीत उतरवून घ्यावी. शुद्ध करू नये. कोणी म्हटली, कोणत्या सालची, कशावरून केली, तेही शेजारी लिहावे. शिवी असली तर तीही राहू द्यावी. ती कुणाला दिली हाच इतिहास आहे.

सावकाराची वही सावकाराने लिहिली, सरकारची सरकारने. आपली आता आपण लिहू. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या.