झूलन : वीस वर्षं, बारा कसोट्या

मैत्रिणींनो, झूलन गोस्वामीचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘पुरुषांइतका वेग होता का?’ मला या प्रश्नाचाच कंटाळा आलाय. तिची गोलंदाजी पाहा ना! उंचीमुळे चेंडू वरून यायचा, आणि टप्पा असा की समोरचीला पुढे यावं की मागे जावं हेच ठरेना. २०१७च्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाची कर्णधार मेग लॅनिंग शून्यावर बाद झाली. आत येतोय असं वाटणारा चेंडू टप्पा पडल्यावर सरळ झाला आणि ऑफ स्टंपच्या टोकाला लागला. नुसत्या वेगाने हे होत नाही.

नदिया जिल्ह्यातल्या चकदहाची ही मुलगी पहाटेच्या लोकलने कोलकात्याला सरावाला जायची. २००६ मध्ये टाँटनच्या कसोटीत तिने दहा बळी घेतले, आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकलो. पुढची कसोटी कधी? २०१४ मध्ये! हातात कसब आहे पण काम मिळत नाही, हे आपल्या गटांतल्या बायकांना वेगळं सांगायला नको. २००२ ते २०२२ मध्ये तिला कसोट्या मिळाल्या फक्त १२. एकदिवसीय सामने २०४, त्यांत बळी २५५.

क्रिकेट मंडळाने महिलांशी वार्षिक करार केले ते २०१५ मध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये झूलन लॉर्ड्सवर निवृत्त झाली. पुढच्याच महिन्यात मंडळाने स्त्री-पुरुष खेळाडूंना प्रत्येक सामन्याचं समान मानधन जाहीर केलं. तोवर तिचा शेवटचा सामना होऊन गेला होता.