पुढे बस, मागे मोटार

टोचन करून नेलेली मोटार रात्रीच्या वेळी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. पुढे बस किंवा ट्रक, मध्ये दोर, आणि मागे निमूटपणे येणारी मोटार. अशा वेळी सर्वांचे लक्ष दोराकडे असते. गाठ पक्की आहे ना, दोर तुटणार नाही ना, हे दहा जण दहादा पाहतात. मोटारीच्या मागचा लाल दिवा लागला आहे की नाही, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. वास्तविक जिवाशी गाठ आहे ती तिथे. मागून येणाऱ्याला बसचे उंचावरचे दिवे दिसतात. तो बसचे अंतर धरून ब्रेक लावतो. पण बसच्या अलीकडे सात-आठ मीटरपर्यंत दोर आणि मोटार पसरलेली असते, आणि ती त्याला दिसतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१६ सालच्या डिसेंबरात आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाट चढून वर आलो, कोयनानगर मागे पडले, आणि दिवे मंदावत मंदावत मोटार बंद पडली. बॅटरी भरणारे यंत्र वाटेत कधीतरी थांबले होते, आणि बॅटरी पार रिकामी झाली होती. सुदैवाने वऱ्हाडाची एक बस मागून आली. ड्रायव्हर भला माणूस होता. "पाटणपर्यंत ओढतो, मास्तर," म्हणाला. दोर बांधला. क्लीनर हुशार पोरगा. त्याने बसच्या मागच्या दिव्यापासून एक लांब तार काढली आणि आमच्या मागच्या दिव्याला जोडली. मी शेजारी विजेरी धरून उभा होतो. दिवा लागला, आणि असा लागला की मी आयुष्यात पाहिला नव्हता! लाल काचेतूनही तो पांढुरका दिसत होता. क्षणभर आम्ही खूश. दुसऱ्या क्षणी काळोख. "बल्ब कच्चा आहे तुमचा," क्लीनर म्हणाला. मी मान डोलावली. त्याने दुसऱ्या बाजूच्या दिव्याला तार जोडली. तोही गेला. इतक्यात उसाची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर वळणावरून आला आणि आमच्यापासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. मोटारीत माझी आई बसलेली होती.

श्रोतेहो, वीस वर्षे मी वर्गात ओहमचा नियम शिकवत आलो आहे. आणि बल्ब कच्चा म्हटल्यावर मान डोलावणारा मीच होतो!

बल्ब कच्चा नव्हता. मोटारीत १२ व्होल्टची एक बॅटरी असते. बसमध्ये तशा दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे दाब २४ व्होल्ट. हे असे का? तर मोठे डिझेल इंजिन फिरवायला चार किलोवॅट शक्ती लागते असे धरा. १२ व्होल्टवर त्यासाठी सुमारे ३३० अँपियर प्रवाह लागेल, २४ वर त्याच्या निम्मा. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. बसला जे सोयीचे तेच मोटारीच्या बल्बला मारक. दाब दुप्पट म्हणजे हिशेबाने शक्ती चौपट. तापलेल्या तंतूचा रोध वाढतो म्हणून प्रत्यक्षात ती तिपटीच्या आसपास राहते, पण तेवढी तंतू वितळायला पुष्कळ झाली. शिवाय बसचे इंजिन चालू असताना दाब २४ नसतो, २८ च्या घरात असतो.

मग करायचे काय? कोणी म्हणेल, मध्ये रोध घाला. २१ वॅटच्या एका बल्बासाठी सुमारे ७ ओहमचा रोध पुरतो खरा. पण बल्बाइतकीच उष्णता त्या रोधातही निघते. आणि एकाच रोधावर दोन बल्ब चालवले, त्यांतला एक गेला, तर दुसऱ्यावर सुमारे १६ व्होल्ट येतात. म्हणजे एकामागोमाग दोन्ही जाणार. कोणी म्हणेल, बसच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार घ्या. एका रात्रीपुरते हे चालेल. नेहमी केले तर एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी अजीर्णाने मरते.

त्या रात्री आम्हाला सोडवले बसच्या ड्रायव्हरने. त्याने आपल्या पेटीतले जादा बल्ब आणून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, आकडा वाचा." पितळी टोपीवर २४ लिहिले होते. आमच्या जळलेल्या बल्बावर १२. आकार तोच, टोपी तीच, खटकेही तेच; होल्डरमध्ये दोन्ही सारखेच बसतात. फसगत इथेच होते. बसचे बल्ब मोटारीत बसवले, आणि दिवे पाटणपर्यंत शांतपणे जळत राहिले.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, मोटारीच्या दिव्याला येणारी तिची स्वतःची तार आधी सोडवा. नाहीतर बसचे २४ व्होल्ट उलट्या वाटेने मोटारीच्या नाजूक उपकरणांत शिरतील. दुसरी, परतीची तार वेगळी घ्या. दोर काही वीज वाहत नाही! तिसरी, तार जाड घ्या आणि वळणावर ताणणार नाही इतकी सैल सोडा.

ज्यांना वारंवार गाडी ओढावी लागते, त्यांनी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे आणि वळणाचा एक दिवा मिळून ७०-७५ वॅट होतात, म्हणजे सहा अँपियर. तेव्हा कन्व्हर्टर दहा अँपियरचा घ्या. ओढायच्या मोटारीची बॅटरी चांगली असेल, तर रिले बरा. बसची वीज फक्त रिलेचा खटका ओढते, दिवे मोटारीच्याच बॅटरीवर लागतात, आणि दोन दाबांची गाठच पडत नाही. आता १० ते ३० व्होल्टपर्यंत कुठेही चालणारे एलईडी दिवेही मिळतात. एका फळीवर तसे दोन दिवे बसवून ती मोटारीच्या मागे बांधली, की भागते.

आणि यांतले काहीच हाताशी नसेल तर? तर रात्री मोटार ओढू नका. ती रस्त्याच्या कडेला घ्या, माणसांना खाली उतरवून दूर उभे करा, आणि उजाडेपर्यंत थांबा. उशिरा पोहोचल्याबद्दल घरचे चार शब्द बोलतील. ते ऐकून घ्यावेत. माझी आई तर अजून बोलते, आणि मी ऐकून घेतो.